डेव्हिड लीन: कात्रीपासून कॅमेऱ्यापर्यंत

रीळपट्टी

परवा रात्री मुलीसोबत ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीनचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' बघत बसलो होतो. कैरोच्या कचेरीत ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स जळती काडी बोटांत धरतो, तोंडाजवळ नेतो, फुंकर मारतो आणि त्याच क्षणी पडद्यावर वाळवंट येतं. आभाळ तांबडं, खाली क्षितिजाची काळी कड, सूर्य अजून वर यायचा आहे. मुलीनं रिमोट घेतला, दहा सेकंद मागे नेलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "बाबा, काडी विझली आणि सूर्य उगवला." तीसेक वर्षं मी संकलनाच्या टेबलावर काढली आहेत. ह्या कटबद्दल, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर थेट मारलेल्या उडीबद्दल, पुष्कळ वाचलंय, शिकवलंय. इतक्या थोड्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतोय.

आधी त्या कटची गोष्ट सांगतो. पटकथेत तिथे डिझॉल्व लिहिलेला होता, म्हणजे काडीचं दृश्य विरत जाणार आणि वाळवंट हळूहळू उमटणार. पण त्या काळी डिझॉल्व प्रयोगशाळेतून करून यायचा. तोवर संकलनाच्या खोलीत दोन शॉट नुसते एकमेकांना चिकटवलेले असायचे. संकलक अ‍ॅन कोट्स आणि लीन यांनी ती कच्ची जोडणी पडद्यावर बघितली, आणि दोघांनाही कळलं की हे असंच ठेवायचं. लीननं तिला सांगितलं, जवळजवळ जमलंय, आता पुरतं जमवून आण. तिनं दोन फ्रेम कापल्या. सेकंदाला २४ फ्रेम पळतात, म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. ज्यांनी हातानं फिल्म कापली आहे त्यांना ठाऊक असेल, दोन फ्रेमची पट्टी करंगळीच्या दोन पेरांएवढी असते. तेवढी पट्टी खाली टोपलीत पडली आणि तो कट साठ वर्षं झाली तरी शिळा होत नाही.

लीनचं नाव निघालं की लोक उंट, रेल्वे, बर्फ, वादळ असं काहीतरी आठवतात. 'भव्य' हा शब्द त्याच्या नावाला चिकटून बसलाय. मला ते अपुरं वाटतं. हा माणूस दिग्दर्शक होण्याआधी दहा-बारा वर्षं संकलक होता, आणि माझ्या मते शेवटपर्यंत संकलकच राहिला. त्याचं आयुष्य तसं बघितलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

जन्म २५ मार्च १९०८, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन इथे. घर क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचं. साधी राहणी, शांत प्रार्थना, आणि सिनेमा पूर्ण वर्ज्य. घरी कामाला येणाऱ्या बाई मात्र चॅप्लिनचे चित्रपट बघून यायच्या आणि स्वयंपाकघरात ह्या मुलाला त्याच्या नकला करून दाखवायच्या. लीनची सिनेमाशी पहिली ओळख झाली ती अशी, कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीतून. दहा वर्षांचा असताना काकांनी ब्राउनी बॉक्स कॅमेरा दिला. त्या काळी मुलाच्या हातात कॅमेरा देणं ही मोठी गोष्ट होती, आणि ह्या मुलाला तर घरात 'ढ' समजत. हुशार म्हणून धाकट्या भावाचं नाव घेतलं जायचं. १९२३ साली वडील घर सोडून गेले. वडिलांना सोडून जाताना पाहिलेला हा मुलगा पुढे आयुष्यभर निरोपाची दृश्यं इतकी नेमकी कशी करायचा, हा प्रश्न मला नेहमी पडतो. स्टेशनवरचे, बंदरावरचे, खिडकीतून बघितलेले निरोप त्याच्या चित्रपटांत जागोजागी आहेत.

शाळा संपल्यावर वडिलांच्या हिशेबनिसांच्या पेढीत उमेदवारीला बसवलं. आकड्यांत मन लागेना. मावशीनं विचारलं, तुला सिनेमाचं एवढं वेड आहे तर तिथेच काम का नाही बघत? १९२७ साली तो गोमाँ स्टुडिओच्या दारात जाऊन उभा राहिला. चहा देणं, निरोप पोचवणं, क्लॅपर धरणं इथून सुरुवात. तीन वर्षांत तो वार्तापटांच्या संकलनाला बसला. वार्तापट म्हणजे सकाळी चित्रण आलं की लगोलग कापून, जोडून चित्रपटगृहात गेलं पाहिजे. विचार करत बसायला वेळ नाही, हातानंच विचार करायचा. शिवाय तेव्हा बोलपट नुकताच आला होता. मूकपटात मुरलेले अनेक संकलक आवाजाच्या पट्टीपुढे गडबडले. लीन वयानं लहान, त्याला जुनं विसरायचं नव्हतंच.

इथे त्याच्या स्वभावातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ब्रिटननं १९२७ साली कायदा केला होता की चित्रपटगृहांनी ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवलेच पाहिजेत. कोटा भरायला स्वस्त, घाईघाईचे चित्रपट निघू लागले. लीनला त्यांचं दिग्दर्शन करायला बोलावणं आलं आणि त्यानं नाही म्हटलं. वाईट चित्रपटानं सुरुवात केली तर तोच शिक्का बसेल, असं त्याचं म्हणणं. कापत राहिला. 'पिग्मॅलियन' (१९३८), 'मेजर बार्बरा' (१९४१), मग मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांचा 'फॉर्टी-नाइन्थ पॅरलल' (१९४१). युद्धाच्या काळात नाटककार आणि नट नोएल कॉवर्डला नौदलावर चित्रपट काढायचा होता. त्याला कॅमेऱ्यामागचं तंत्र सांभाळणारा कुणीतरी हवा होता. लीन तयार झाला, पण एका अटीवर: नाव सहदिग्दर्शक म्हणून हवं. 'इन विच वी सर्व्ह' १९४२ मध्ये आला तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. त्याच चित्रपटात भेदरलेल्या खलाशाच्या छोट्या भूमिकेत एक पोरगेला नट पहिल्यांदा पडद्यावर आला, रिचर्ड अ‍ॅटनबरो. त्यानंच पुढे 'गांधी' काढला आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये चित्रण केलं. गांधींवर चित्रपट करायचं स्वप्न लीनचंही होतं. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'नंतर त्यानं त्यासाठी खटपट केली, मनात अ‍ॅलेक गिनेस हा नट होता. मग तो विषय मागे पडला आणि हाती आला लॉरेन्स.

सगळं मीच सांगत बसत नाही. सोळाच चित्रपट आहेत एकूण. ज्यांनी जे बघितलं असेल त्यांनी त्यावर लिहा. मला विशेषतः एकेका दृश्यावर वाचायला आवडेल.

रुळांवरून

रीळपट्टी, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी मँचेस्टरजवळ राहते. 'ब्रीफ एन्काउंटर' बघितल्यावर कार्नफर्थला जायचंच होतं, गेल्या हिवाळ्यात जाऊन आले. तो आनंद इथे मांडते.

चित्रपटातलं 'मिलफर्ड जंक्शन' म्हणजे लँकशरमधलं कार्नफर्थ स्टेशन. १९४५ च्या सुरुवातीला चित्रण झालं तेव्हा युद्ध संपलं नव्हतं. लंडनजवळ रात्रीचे दिवे लावणं धोक्याचं, म्हणून इतक्या उत्तरेला आले. रात्री गाड्यांची ये-जा कमी झाली की काम करायचे. फलाटावरचं ते मोठं घड्याळ अजून आहे. रिफ्रेशमेंट रूमही चित्रपटातल्यासारखी सजवून ठेवली आहे, मी तिथे बसून चहा घेतला. (चित्रपटातली खोली स्टुडिओत उभारली होती, हे तिथल्याच माहितीफलकावरून समजलं. तरी काउंटरकडे बघताना अंगावर काटा आला.)

सगळ्यात लक्षात राहिला तो भुयारी मार्गाचा उतार. लॉरा आणि अ‍ॅलेक जिथून धावतात, जिथे चोरून भेटतात, तो. मी खाली उभी होते आणि वरून एक जलद गाडी गेली. मुख्य मार्गावरच्या गाड्या आता इथे थांबत नाहीत, नुसत्या सुसाट जातात. भिंती हलल्यासारख्या वाटल्या. लॉरा शेवटी फलाटाकडे का धावते ते मला तिथे उभं राहून कळलं.

नवी_प्रेक्षक

सगळं वाचतेय. मी लीनचा एकही चित्रपट बघितलेला नाही. कुठून सुरुवात करू? 'लॉरेन्स'च्या लांबीचीच धास्ती वाटते.

रीळपट्टी

@नवी_प्रेक्षक, 'लॉरेन्स' मागे ठेवा. 'ब्रीफ एन्काउंटर'पासून सुरुवात करा, दीड तासापेक्षाही लहान आहे. कथेबद्दल काही सांगत नाही, फक्त एवढं करा: सुरुवातीचं रिफ्रेशमेंट रूममधलं दृश्य डोळ्यांत तेल घालून बघा. कोण कुठे बसलंय, कोण मध्येच येतं, कोण कुणाला हात लावतं. आणि मोबाइलवर नको, घरातला मोठ्यात मोठा पडदा घ्या, दिवे मालवा.

मग 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९४६). त्यातलं स्मशानातलं दृश्य मी विद्यार्थ्यांना पट्टी पुढे-मागे करून दाखवतो. दलदलीच्या कडेनं लहानगा पिप धावत येतो. वारा, करकरणारी झाडं, माणसाच्या चेहऱ्यासारखं दिसणारं एक खोड. तो आईवडिलांच्या थडग्यापाशी बसतो, दचकतो, उठून पळू लागतो. कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो आणि तो थेट कैद्याच्या अंगावर जाऊन आदळतो. कैदी येताना दिसत नाही, तो तिथे असतोच. आपल्याला घाबरवायच्या आधी लीन दोन-तीन खोट्या भीती दाखवतो आणि त्या सोडून देतो. आपण सैल होतो, तेवढ्यात घाव बसतो. ही मोजदाद संकलकाचीच. छायाचित्रणासाठी गाय ग्रीन आणि कलादिग्दर्शनासाठी जॉन ब्रायन यांना त्या चित्रपटाबद्दल ऑस्कर मिळालं.

@रुळांवरून, तुमचा तो उतार वाचून मला पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयातली एक संध्याकाळ आठवली. मी तिथेच हा चित्रपट पहिल्यांदा बघितला. प्रिंटवर ओरखडे होते, आवाज खरखरत होता, आणि संपल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही.

करवीरकर

इतके दिवस वाचनमात्र होतो, पण 'अ पॅसेज टू इंडिया'वर लिहिल्याशिवाय राहवेना. लीनचा हा शेवटचा चित्रपट, १९८४ चा. त्यात प्राध्यापक गोडबोले आहेत. हे आडनाव ऐकून पहिल्यांदा बघणारा प्रत्येक मराठी माणूस चमकत असणार. हे गोडबोले आले कुठून?

ई. एम. फॉर्स्टरच्या ह्याच नावाच्या कादंबरीतून, आणि तिच्यामागे एक मराठी संस्थान आहे. माळव्यातलं देवास, थोरली पाती. फॉर्स्टर १९१२-१३ च्या प्रवासात तिथे गेला आणि १९२१ मध्ये महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. त्या महाराजांचं लग्न आमच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब महाराज यांच्याशी झालं होतं. त्यांचेच चिरंजीव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून आले. म्हणजे फॉर्स्टरनं जो दरबार बघितला, तो मराठी बोलणारा, मराठी रीतिरिवाजांचा. तिथला गोकुळअष्टमीचा उत्सव त्यानं आठ-आठ दिवस जवळून अनुभवला आणि कादंबरीच्या 'टेंपल' ह्या तिसऱ्या भागात आणला. त्या भागाच्या सुरुवातीलाच गोडबोले देवापुढे उभे राहून भजन म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी नाव आहे तुकारामाचं. एका इंग्रज लेखकाच्या जगभर गाजलेल्या कादंबरीत तुकोबांचं नाव असं घुमतं, हे वाचताना माझे डोळे भरून आले होते.

आता लीन. त्यानं हा भाग जवळजवळ गाळलाच. गोकुळअष्टमी नाही, तुकाराम नाही. शेवट नेला श्रीनगरला, बर्फाच्या डोंगरांपुढे. कादंबरीच्या शेवटी भारतीय डॉक्टर अझीझ आणि त्याचा इंग्रज मित्र फील्डिंग यांचे घोडे दोन वाटांना जातात, मैत्री आत्ता जमायची नाही असं सगळी सृष्टीच सांगते. लीनच्या चित्रपटात समेट आहे, निरोप गोड आहे. रीळपट्टी, तुम्ही म्हणता तो संकलक इथे चुकला, असं मला वाटतं. त्यानं जे कापलं ते कादंबरीचं काळीज होतं.

शंका_आहे

करवीरकरांनी विषय काढलाच आहे तर माझं दुखणंही मांडतो. ते गोडबोले साकारले अ‍ॅलेक गिनेसनं, चेहरा रंगवून. १९८४ साली! त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ, दीना पाठक आहेत. गोडबोलेंसाठी भारतीय नट मिळाला नसता का? 'लॉरेन्स'मध्येही अरब राजपुत्र फैसल हा गिनेसच आणि अरब टोळीप्रमुख औदा हा अँथनी क्विन. हे मला खटकतं आणि काळ तसा होता म्हणून सोडून देता येत नाही.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'बद्दलही एक. मी तो लहानपणी बाबांसोबत बघितला, शीळ घालत कवायत करणारे कैदी फार आवडले. नंतर त्या रेल्वेचा इतिहास वाचला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बांधून घेतलेल्या सयाम-बर्मा रेल्वेवर दोस्त राष्ट्रांचे १२,००० हून अधिक युद्धकैदी मेले, आणि आशियाई मजूर त्याच्या कित्येक पट, सुमारे ९०,०००. त्यांत मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येनं होते. चित्रपटात ते दिसत नाहीत. शिवाय खऱ्या कैद्यांचे वरिष्ठ, लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी, ह्यांनी आपल्या माणसांना वाचवायला जिवाचं रान केलं. शत्रूसाठी अभिमानानं पूल बांधणारा कर्नल निकल्सन पडद्यावर बघून तिथून जगून परतलेल्या कैद्यांना वेदना झाल्या.

रीळपट्टी

@करवीरकर, देवासची आणि अक्कासाहेबांची माहिती मला नवी आहे. हा प्रतिसाद मी जपून ठेवणार. आणि मान्य, शेवट त्यानं मऊ केला.

एक भर घालतो. गिनेसनं गोडबोलेंचं एक नृत्य बसवलं होतं, मेहनत घेऊन. लीननं संकलनात ते काढून टाकलं. ह्या चित्रपटाचं संकलन त्यानं स्वतः केलं, वयाच्या ७६ व्या वर्षी, आणि त्यासाठीही त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. १९४६ पासून सहा चित्रपट एकत्र केलेले हे दोघे त्या कापाकापीमुळे दुरावले. कात्री मित्राच्या कामावरही तशीच चालायची, ह्यात मला त्याचा पीळ दिसतो आणि त्याचं एकटेपणही. सहा लग्नं झाली त्याची. त्यांतली चौथी पत्नी लीला मटकर हैदराबादची. घर असं फारसं कधी नव्हतंच, वर्षानुवर्षं हॉटेलांत आणि चित्रणस्थळांवर काढली.

@शंका_आहे, तुमच्या दोन्ही मुद्द्यांपुढे मी लीनची बाजू घेणार नाही. गिनेसला गोडबोले करणं चूक होती. मजुरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते प्रत्येकानं 'क्वाय' बघण्याआधी वाचावं. 'क्वाय'बद्दल आणखी एक अन्याय नोंदवतो. पटकथा लिहिली कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी, पण अमेरिकेत दोघांची नावं कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत होती. म्हणून पडद्यावर नाव लागलं मूळ फ्रेंच कादंबरीकार पिएर बूल याचं, आणि पटकथेचं ऑस्करही त्यालाच मिळालं, ज्यानं इंग्रजी पटकथा लिहिलीच नव्हती. चूक सुधारली गेली १९८४ मध्ये, तोवर दोघेही लेखक गेलेले.

हे सगळं मान्य करून मला त्या पुलाचं सांगायचंय. श्रीलंकेत कितुलगला इथे केलानी नदीवर खरा लाकडी पूल बांधला. त्यावरून खरी गाडी न्यायची आणि उडवायची, एकदाच. पहिल्या दिवशी एका कॅमेरामननं आपण सुरक्षित जागी पोचल्याचा इशारा दिला नाही म्हणून सुरुंग उडवलाच नाही. गाडी तशीच पुलावरून पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी जमलं. आता संकलकाच्या डोळ्यांनी बघा: स्फोट चालतो काही सेकंद, त्याआधीचा ताण चालतो कितीतरी मिनिटं. रात्रीतून नदीचं पाणी उतरलंय, वाळूत तार उघडी पडलीय, निकल्सन ती बघत बघत खाली येतो, आणि दूर कुठेतरी गाडीची शिटी. प्रत्येक कट आपल्याला त्या तारेजवळ नेतो. पूल भव्य आहे खरा, पण जीव टांगणीला लावते ती वाळूतली तार.

घाटमाथा_ते_बंगळूर

'पॅसेज'ची बरीचशी जागा माझ्या घरापासून तास-दीड तासावर आहे, त्यामुळे राहवलं नाही. कादंबरीतल्या गुहांसाठी फॉर्स्टरच्या मनात बिहारमधल्या बराबर लेण्या होत्या. लीननं चित्रण केलं बंगळूरच्या जवळ, रामनगरच्या बाजूला आणि सावनदुर्गला. 'शोले' ज्या दगडांत घडला तोच मुलूख. सावनदुर्ग म्हणजे एकच अजस्र कातळ, पावसाळ्यात काळाभोर होतो. त्या कातळाला चित्रपटासाठी गुहेची तोंडं पाडली होती. मी तिथे उन्हात चढून गेलो आहे. दुपारी बाराला दगड इतका तापतो की हात टेकवत नाही आणि आवाज कुठून येतो तेच समजत नाही. अ‍ॅडेला ह्या इंग्रज तरुणीला त्या गुहेत काय झालं असेल, ह्याचं उत्तर मला त्या उन्हात मिळाल्यासारखं वाटलं.

शिवाय एक दृश्य: अ‍ॅडेला सायकलवरून एकटीच निघते, उंच गवतातून वाट काढत एका पडक्या देवळाशी पोचते. मिथुनशिल्पं बघत राहते आणि माकडं तिच्यावर धावून येतात. कादंबरीत हे नाही, लीननं घातलं. करवीरकर म्हणतात तसं त्यानं बरंच गाळलं, पण हे जे घातलं त्यात तिची सगळी घालमेल एका वाक्याविना आली आहे.

सतारीची_तार

संगीतावर कुणी बोललं नाही अजून. 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये रॅखमॅनिनॉफचा दुसरा पियानो काँचेर्टो आहे, आणि तो घरातल्या रेडिओवर लागलेला आहे! लॉरा रेडिओ लावते, खुर्चीत बसते, समोर नवरा शब्दकोडं सोडवतोय, आणि त्या सुरांवर तिची आठवण सुरू होते. म्हणजे ते संगीत तिच्या दिवाणखान्यातलं आहे, वरून ओतलेलं नाही. संगीतकार मोरीस जारला लीनच्या तीन चित्रपटांनी तीन ऑस्कर दिली: 'लॉरेन्स', 'डॉक्टर झिवागो', 'पॅसेज'.

रुळांवरून

'रायन्स डॉटर'नंतर चौदा वर्षं काहीच का नाही केलं त्यानं? १९७० ते १९८४? इतका मोठा माणूस.

रीळपट्टी

@रुळांवरून, हे लिहायचं मी टाळत होतो. कारण ते सोसायला जड आहे.

'क्वाय'ला सात ऑस्कर, 'लॉरेन्स'ला सात, 'झिवागो'ला पाच. पण समीक्षक 'झिवागो'पासूनच कुरकुरू लागले होते. मग 'रायन्स डॉटर'. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, डिंगल द्वीपकल्पावर दगडांचं अख्खं गाव उभारलं. लीन हव्या तशा ढगांसाठी, हव्या तशा वादळासाठी थांबायचा. चित्रण वर्षभर चाललं. चित्रपट आल्यावर न्यूयॉर्कच्या अल्गाँक्विन हॉटेलात समीक्षकांनी त्याला बोलावलं. त्याला वाटलं गप्पा होतील. तिथे पॉलीन केल, रिचर्ड शिकल वगैरे मंडळींनी तोंडावर चित्रपटाची चिरफाड केली. 'ब्रीफ एन्काउंटर' करणारा माणूस हे असलं कसं करू शकतो, असं विचारलं. तो घाव त्याच्या मनातून गेला नाही. आपण कशाला चित्रपट करतो, असं त्याला वाटू लागलं.

चौदा वर्षांचं खापर एका बैठकीवर फोडता येणार नाही, हेही खरं. मधली काही वर्षं तो 'बाउंटी' जहाजावरच्या बंडावर पटकथाकार रॉबर्ट बोल्टबरोबर दोन चित्रपट रचत होता. पैसा उभा राहिला नाही, आणि १९७९ मध्ये बोल्टला पक्षाघात झाला. त्या काळात लीनच्या नावावर आहे न्यूझीलंडमध्ये केलेला, कॅप्टन कुकच्या नांगराच्या शोधावरचा एक दूरचित्रवाणी माहितीपट.

समीक्षकांचं एक म्हणणं मला कळतं. 'रायन्स डॉटर'मध्ये किनारा फार मोठा आहे आणि गोष्ट फार छोटी. पण त्याला 'भव्यतेत हरवलेला' म्हणणाऱ्यांनी 'लॉरेन्स'मधली विहीर आठवावी. ओमर शरीफ येतो ते दृश्य. क्षितिजावर एक काळा ठिपका थरथरतो, मृगजळात तुटतो, पुन्हा जुळतो. छायाचित्रकार फ्रेडी यंगनं त्यासाठी पॅनाव्हिजनची ४८२ मिलिमीटरची लांब भिंग मागवली होती. संगीत नाही. उंटाच्या पावलांचा आवाज हळूहळू उमटतो. नवशिका दिग्दर्शक तिथे दहा कट मारेल. लीन थांबतो. इतकं थांबूनही पुढे त्याला खंत राहिली की आपला धीर सुटला, आपण ते दृश्य थोडं कापलं, होतं तेवढं ठेवायला हवं होतं. कधी कापू नये हे ज्याला कळतं तोच संकलक, असं मला माझ्या गुरूंनी सांगितलं होतं. ते वाक्य मला त्या विहिरीपाशी समजलं.

'लॉरेन्स'चीही पुढे कापाकापी झाली. १९६२ ला तो साडेतीन तासांहून मोठा होता. नंतर जास्त खेळ बसावेत म्हणून पुन्हा पुन्हा छाटला. जुने चित्रपट दुरुस्त करणाऱ्या रॉबर्ट हॅरिसनं ते छाटलेले तुकडे शोधून १९८९ मध्ये तो पुन्हा उभा केला. काही तुकड्यांचा आवाजच सापडेना. मग लॉरेन्स झालेला पीटर ओटूल आणि गिनेस यांना बोलावून, पंचवीसेक वर्षांनी, तेच संवाद पुन्हा बोलायला लावले. म्हातारे झालेले आवाज यंत्रावर तरुण केले. लीन स्वतः संकलनाला येऊन बसला, आणि जुनं परत मिळालेलं असतानाही त्यानं त्यातलं थोडं पुन्हा कापलं. ८० वर्षांचा माणूस!

त्यानंतर त्याला कॉनरॅडच्या 'नॉस्ट्रोमो' ह्या कादंबरीवर चित्रपट करायचा होता. चित्रण सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, १६ एप्रिल १९९१ रोजी, लंडनमध्ये त्याचं निधन झालं. वय ८३.

शंका_आहे

विहिरीबद्दल वाचून 'लॉरेन्स' पुन्हा लावला. अकबा बंदरावरच्या हल्ल्यात घोडदळ गावातून धावत समुद्राकडे जातं, कॅमेरा बरोबर वळत जातो आणि शेवटी थांबतो तो समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या तोफेवर. तोफ वळत नाही म्हणूनच वाळवंटाकडून येणं शक्य झालं, हे आपल्याला आधी शब्दांत सांगितलेलं असतं, इथे एका शॉटमध्ये दिसतं. माझी तक्रार कायम आहे. हा शॉटही कायम आहे.

नवी_प्रेक्षक

बघितला. रविवारी रात्री, दिवे मालवून, आईसोबत.

रीळपट्टी काका, तुम्ही सांगितलं तसं पहिलं दृश्य नीट बघितलं. टेबलाशी एक बाई आणि एक पुरुष बसलेत, एक बडबडी ओळखीची बाई येऊन मध्येच बसते, त्या माणसाची गाडी येते, तो उठतो आणि जाताना त्या बाईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो. मला काहीच वाटलं नाही. निरोप घेताना ठेवतात तसा हात.

मग सव्वा तासानं तेच दृश्य पुन्हा आलं. तेच टेबल, तीच बडबड. आता आम्हाला ठाऊक होतं की हे दोघं पुन्हा कधीच भेटणार नाहीत आणि ह्या बाईमुळे त्यांना धड बोलताही येत नाहीये. तो उठला आणि आई पुटपुटली, "आता हात ठेवेल." त्यानं ठेवला. आईनं माझा हात घट्ट धरला तो गाडी जाईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या रविवारी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. आईच म्हणाली.